म्हणे, किरकोळ निशाणा!

विनोद मनावर घेऊ नका, असं सांगणारा माणूस कधीच तो नसतो ज्याच्यावर विनोद झालेला असतो. एवढं आधी पक्कं डोक्यात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

मी लिहिणार आहे ते ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या एका जुन्या कार्यक्रमाबद्दल. नाव ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’. बीबीसीवर 14 जून 1958 ला सुरू झाला, जुलै 1978 ला संपला. वीस वर्षं. कुणी म्हणेल, लंडनच्या नाचगाण्याचं आपल्याला काय करायचंय? करायचंय. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. त्याच्याही आधी, 1873 साली, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या माणसांना. ही सोयरीक जुनी आहे. सोयरीक सांगायची तर त्या घरात काय काय सोसलं गेलं हेही माहीत पाहिजे. नुसतं नाव मिरवून भागत नाही.

तर कार्यक्रम काय होता? शनिवारची संध्याकाळ, घरातली माणसं जेवणंखाणं आटपून टीव्हीपुढं. पडद्यावर गाणाऱ्या पुरुषांचा ताफा. सगळे गोरे. पण तोंडाला काळा रंग फासलेला, ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती पांढरं मोठं रिंगण. दात दाखवत, डोळे फिरवत, हातवारे करत गाणारे. त्यांच्यासोबत नाचणाऱ्या पोरी. त्याही गोऱ्या, पण त्यांना रंग नाही. त्या गोऱ्याच दिसायला पाहिजेत! एका गाण्याला जोडून दुसरं गाणं, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांची, नदीची, ‘सुखी’ गुलामांची गाणी. मधूनमधून विनोदी नट येणार, नकला, फार्स, कोट्या करून जाणार. मग पुन्हा गाणी. थोडक्यात, आपल्याकडं तमाशाच्या फडात बतावणी, लावणी आणि वग एका रात्रीत बसतात तसा सगळा माल एका कार्यक्रमात.

आणि चालला कसा! तुफान. साठच्या दशकात दीड कोटीहून जास्त माणसं एका वेळी बघायची. 1961 साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या टेलिव्हिजन महोत्सवात त्याला ‘सोनेरी गुलाब’ मिळाला. म्हणजे युरोपातल्या जाणकारांनी शिक्का मारला की ही उत्तम कला आहे. 1962 पासून लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात त्याचा रंगमंचावरचा खेळ लागला, तो 1972 पर्यंत हलला नाही. दहा वर्षं एका थिएटरात! एवढी माणसं वेडी होती काय? नव्हती. चांगली, कुटुंबवत्सल, चर्चला जाणारी, कुत्र्यामांजरांवर माया करणारी माणसं होती. गोम तिथंच आहे. अपमान करायला राक्षस लागत नाहीत. सवयीची माणसं पुरतात.

आता त्याच काळात घराबाहेर काय चाललं होतं ते बघा.

कार्यक्रम सुरू झाला जूनमध्ये. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीला लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या पोरांच्या टोळ्या काळ्यांच्या घरांवर चालून गेल्या. कित्येक रात्री दंगल चालली. पुढच्या वर्षी, मे 1959 मध्ये, त्याच भागात केल्सो कॉक्रन नावाच्या अँटिग्वाहून आलेल्या सुताराला गोऱ्या टोळक्यानं भोसकून मारलं. त्या खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झालेली नाही.

1963 साल घ्या. ब्रिस्टल शहरात बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेतच नव्हती. वर्कशॉपमध्ये घाण साफ करायला चालतील, पण गाडीवर नकोत. आणि यात कामगारांची युनियन कंपनीच्या बाजूला! गिरणी कामगारांनो, हे नीट वाचा. लाल बावटा हातात असला म्हणून मनातली जात जातेच असं नाही, हे आपल्याला कुणी लंडनहून येऊन सांगायची गरज नाही. गिरण्यांच्या विणखात्यात आपल्या माणसाला साच्यावर उभं राहू देत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि तोंड लागलं की बाटलं. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न टाकला तेव्हा वर्गलढ्याची भाषा करणाऱ्यांची कशी पंचाईत झाली होती ते आठवा. ब्रिस्टलमध्ये चार महिने बसवर बहिष्कार चालला. 28 ऑगस्ट 1963 ला कंपनी नमली. सप्टेंबरात तिथला पहिला बिनगोरा कंडक्टर झाला तो रघबीर सिंग नावाचा आपल्याकडचा एक शीख.

म्हणजे हिशोब काय झाला? खरा काळा माणूस बसमध्ये तिकीट फाडायला नको. खरा काळा माणूस भाड्याच्या खोलीत नको. पण रंगवलेला खोटा काळा माणूस दर शनिवारी दिवाणखान्यात पाहिजे. तो गातो, हसतो, भाडं मागत नाही, नोकरी मागत नाही, हक्क तर नाहीच नाही. खोटा होता म्हणूनच तो लाडका होता.

आणि अजून एक मेख आहे. बीबीसी चालते लायसन्स फीवर. ज्याच्या घरात टीव्ही, त्यानं फी भरायची. लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वेसाठी 1956 पासून थेट बार्बाडोसला जाऊन माणसं भरती केली होती. इस्पितळांत वेस्ट इंडीजच्या नर्सा रात्रपाळ्या करत होत्या. त्यांच्यातल्या ज्यांनी टीव्ही घेतला, त्यांनी फी भरली. स्वतःची टिंगल बघायला स्वतःच्या पगारातून पैसे मोजले! गावच्या जत्रेत वर्गणी आपलीपण घ्यायची आणि पंगतीत पान मात्र लांब मांडायचं, यातलाच हा प्रकार.

हे रंग फासणं आलं कुठनं? अमेरिकेतनं. 1830 च्या आसपास थॉमस राइस नावाचा गोरा नट जळक्या बुचाच्या काजळीनं तोंड काळं करून, फाटके कपडे घालून एका गुलामाची नक्कल करत नाचायला लागला. त्या सोंगाचं नाव ‘जिम क्रो’. लोक पोट धरून हसले. देशभर त्याच्या नकलांच्या नकला निघाल्या, कंपन्या निघाल्या, धंदा उभा राहिला. गुलामी गेली तरी हा धंदा चालूच. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला अमेरिकेच्या दक्षिणेत कायदे झाले: काळ्यांचा रेल्वेचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. त्या कायद्यांना लोकांनी नाव काय दिलं? जिम क्रो!

थांबा, परत एकदा वाचा. माणसाला पाण्यापासून लांब ठेवणाऱ्या कायद्याचं नाव एका विनोदी सोंगाचं आहे. आधी हशा झाला, मग कायदा झाला. सत्तर वर्षं ज्या माणसाला लोकांनी स्टेजवर आळशी, चोरटा, बावळट, नाचरा बघितला, त्याला वेगळ्या डब्यात बसवताना कुणाच्या मनाला टोचणार? हशानं जमीन नांगरून ठेवली होती. कायद्यानं फक्त पेरलं.

हे त्या काळात कुणाला कळलं नव्हतं असंही नाही. फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून आलेला, स्वतःचं वर्तमानपत्र काढणारा माणूस, त्यानं 1848 सालीच या मिन्स्ट्रेलवाल्यांना झोडपलं होतं. त्याचं म्हणणं असं, की निसर्गानं यांना न दिलेला रंग हे आमच्याकडून चोरतात आणि त्यावर पैसा करतात. 1848! म्हणजे बीबीसीच्या एकशे दहा वर्षं आधी. ‘तेव्हा कळत नव्हतं हो’ ही सबब इथंच मोडीत निघते. कळत होतं. ज्यांना कळत होतं त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला तो मुद्दा.

बीबीसीच्या आतसुद्धा एक माणूस होता. बॅरी थॉर्न, तिथला मुख्य हिशेबनीस. गोरा. त्यानं 1962 साली वरिष्ठांना लिहिलं की हा कार्यक्रम म्हणजे काळ्या माणसांचा अपमान आहे, आपल्याला लाज वाटली पाहिजे. कुणी दाद दिली नाही. 1967 साली ‘कार्ड’ या वर्णभेदविरोधी संघटनेनं बीबीसीकडे अर्ज दिला, त्यावर काळ्यांच्या सह्या होत्या, गोऱ्यांच्याही होत्या. थॉर्ननं पुन्हा लिहिलं. तेव्हा महासंचालकांचा मुख्य सहायक, ऑलिव्हर व्हिटली, यानं जे कळवलं त्याचा आशय असा: काळ्यांच्या मित्रांनी त्यांना समजावावं की बाबांनो, तुमचं म्हणणं आम्हाला कळतं, पण तुमच्याच हितासाठी सांगतो, गप्प बसा. तुमचा दारूगोळा तुम्ही एका किरकोळ निशाण्यावर वाया घालवताय.

व्वा! यात तीन गोष्टी आहेत. एकेक सोलून बघू.

पहिली, ‘मित्र’. शत्रू असता तर शिवी दिली असती, परवडलं असतं. हा मित्र म्हणून येतो. खांद्यावर हात ठेवून तोंड दाबतो.

दुसरी, ‘तुमच्याच हितासाठी’. आमचं हित कशात आहे हे ठरवायचा मक्ता यांना कुणी दिला? देवळात जाऊन तुम्हाला काय मिळणार, असं काळारामाच्या वेळी विचारणारे होतेच की. त्यांनाही आपल्या हिताची फार काळजी होती.

तिसरी, सगळ्यात विषारी. ‘किरकोळ निशाणा’. नोकरीसाठी लढा, घरासाठी लढा, ते मोठं. गाणं, नक्कल, विनोद हे बारकं, त्यात कशाला पडता? मी विचारतो, बारकं-मोठं कोण ठरवतो? 20 मार्च 1927 ला महाडला आपल्या माणसांनी काय केलं? चवदार तळ्याची ओंजळभर पाणी प्याले. ओंजळभर! त्या ओंजळीनं कुणाची तहान भागणार होती? घरी जाताना तहान तेवढीच होती. पण त्या ओंजळीसाठी डोकी फुटली, कारण मारणाऱ्यांना बरोब्बर कळलं होतं की हे बारकं नाही. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. एक पुस्तक जाळून कुणाला भाकर मिळाली? नाही मिळाली. पण माणूस सरळ उभा राहिला. भाकर मागायला आधी सरळ उभं राहावं लागतं. वाकलेल्याच्या हातात फक्त भीक पडते.

म्हणून म्हणतो, हशा किरकोळ नाही. डब्याच्या सुट्टीत खात्यात कुणीतरी आडनावावरून कोटी करतो, आरक्षणावरून टोमणा टाकतो, सगळे हसतात, आणि आपलाच एखादा ओशाळून त्यांच्यात हसतो. वर ऐकवतात, ‘गंमत केली रे, एवढं काय?’ त्याच दुपारी बढतीचा विषय निघाला की तीच कोटी कुणाच्या तरी डोक्यात असते. ती कुठंही लिहिलेली नसते, म्हणून तिच्यावर अर्जही करता येत नाही. हशाची ताकद ती आहे. हात लागत नाही, वळ मात्र उठतो.

समर्थन करणारे अजून काय म्हणत होते? म्हणे ही परंपरा आहे. म्हणे आमचा हेतू वाईट नाही, आम्हाला गाण्यांवर प्रेम आहे. बरं, मग एक प्रयोग झालाच होता. 1969 साली याच मंडळींनी ‘म्युझिक म्युझिक म्युझिक’ नावानं रंग न लावता कार्यक्रम केला. गाणी होती, नाच होता, गळे तेच होते. टिकला नाही. रंग फासून पुन्हा जुना कार्यक्रम आला आणि आणखी नऊ वर्षं चालला. आता सांगा, प्रेम गाण्यांवर होतं की काजळीवर?

पुढची सबब मात्र जपून हाताळली पाहिजे. ‘अहो, काळा माणूससुद्धा त्यात काम करत होता की!’ हो, करत होता. लेनी हेन्री, जमैकाहून आलेल्या आईबापांचा पोर. 1975 साली सोळाव्या वर्षी टीव्हीवरची नव्या कलाकारांची स्पर्धा त्यानं जिंकली, आणि त्यानंतर त्याला कुठं नेऊन उभं केलं? याच मिन्स्ट्रेलच्या रंगमंचावरच्या खेळात. भोवती रंग फासलेले गोरे आणि मधे एकटा खरा काळा पोरगा. पुढं तो मोठा नट झाला आणि त्या दिवसांचं दुखणं त्यानं स्वतःच जाहीरपणे सांगितलं. मित्रहो, अशा पोराला शिव्या घालू नका. सोळा वर्षांच्या पोराला पोट असतं, घर असतं, स्वप्नं असतात. आपल्याकडं तमाशाच्या बोर्डावर आपल्याच माणसांनी सोंगाड्या होऊन गावाला हसवलं, आपल्याच बाया नाचल्या, आणि फड उठल्यावर त्याच गावानं त्यांना वेशीबाहेर झोपायला लावलं. कला त्यांची, गळा त्यांचा, घाम त्यांचा. दोष त्यांच्या घामाला द्यायचा नाही. शिवी द्यायची तर ज्यानं तो बोर्ड मांडला आणि गल्ला मोजला त्याला द्या.

आता प्रश्न असा की करायचं काय. ‘बंद करा, बंद करा’ एवढीच घोषणा द्यायची काय? ती द्यावी लागते, द्यावी. पण ती पुरत नाही. 1978 ला कार्यक्रम बंद झाला, तरी रंगमंचावरचा खेळ गावोगाव फिरतच राहिला. जून 2020 मध्ये, अमेरिकेत पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतल्यानंतर जग पेटलं तेव्हा बीबीसीनं ‘लिटल ब्रिटन’ हा विनोदी कार्यक्रम आपल्या इंटरनेटवरच्या संग्रहातून काढला. का? त्यातही गोऱ्या नटांनी तोंडं रंगवली होती! तो कार्यक्रम 2003 ला टीव्हीवर आलेला. म्हणजे मिन्स्ट्रेल संपून पंचवीस वर्षं झाली आणि काजळी पुन्हा आलीच. 2023 साली बीबीसीनंच डेव्हिड हेअरवुड या काळ्या नटाला घेऊन या सगळ्या इतिहासावर माहितीपट दाखवला. उशिरा का होईना, चांगलं झालं. पण थॉर्नचं पत्र गेलं होतं 1962 ला. एकसष्ट वर्षं! प्रस्थापितांना पश्चात्ताप होतो, फक्त तो आपल्या नातवंडांच्या हयातीत होतो.

दुसरी बाजू बघा. काळ्या माणसाला स्वतःचा कार्यक्रम मिळाला तर? 1977 साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर रिचर्ड प्रायर या जबर विनोदी नटाला मिळाला. गाणी, नकला, छोटी नाटुकली, सगळं होतं. एका प्रवेशात तो अमेरिकेचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष होऊन पत्रकारांना उत्तरं देतो. सुरुवात शांत, सभ्य, आणि हळूहळू असे जवाब द्यायला लागतो की गोऱ्यांची गाळण उडावी. 1977 ला हे दाखवणं म्हणजे छातीच पाहिजे. पण वाहिनीचे लोक कात्री घेऊन बसलेले, रोज भांडणं. किती भाग झाले? चार. मिन्स्ट्रेल वीस वर्षं, प्रायर चार भाग. का? तोंड प्रायरचं होतं, पण बोर्ड त्याचा नव्हता.

आणि इथं मला आपले जलसे आठवतात. सत्यशोधकांनी तमाशाच घेतला, पण आतला माल बदलला. गणात देवाऐवजी विचाराला नमन, गवळणीची छेडछाड रद्द, आणि सोंगाड्यानं टोपी उडवायची ती भटजीची नि सावकाराची. पुढं भीमराव कर्डकांसारख्या माणसांनी आंबेडकरी जलसे उभे केले. दिवसभर कामं करून रात्री डफ-ढोलकी उचलायची आणि वस्तीवस्तीत जायचं. वाचता न येणाऱ्या माणसाला महाड कळलं, पुणे करार कळला, तो या जलशांतून. हसता हसता कळला. बोर्ड आपला, लिहिणारा आपला, बघणारे आपले, म्हणून कुणाची कात्री चालली नाही. विनोदाचं तोंड वर फिरवलं की तो मालकाला लागतो, हे आपल्या बापजाद्यांनी कुठल्या विद्यापीठात न जाता ओळखलं होतं.

म्हणून पोरांनो, टीव्हीवर असो, मोबाइलवर असो, गॅदरिंगच्या स्टेजवर असो, हसण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे लिहिलं कुणी? हसतंय कोण आणि कुणाला? आणि गल्ला कुणाच्या खिशात जातो? पडद्यावरची मोलकरीण, वॉचमन, झोपडपट्टीतला पोरगा नेहमी आपल्याच बोलीत का बोलतो आणि साहेब कधीच का बोलत नाही, हेही विचारा. विचारलं की लोक म्हणतील, ‘तुम्हाला विनोदबुद्धी नाही.’ म्हणू देत. आपल्याला विनोदबुद्धी आहे, चांगली धारदार आहे. कर्डकांचा वारसा आहे.

आणि जेव्हा कुणी खांद्यावर हात ठेवून म्हणेल की मित्रा, किरकोळ गोष्टीत दारूगोळा वाया घालवू नकोस, तेव्हा त्याचा हात आधी खांद्यावरून काढा. मग त्याला जिम क्रोची गोष्ट सांगा. पुढच्या रविवारी वस्तीत ढोलकी काढा, चार पोरं-पोरी गोळा करा, आणि स्वतः लिहायला बसा. पहिला प्रयोग बेकार होईल. होऊ द्या. दुसरा करा.

जय भीम!